हातातलं नाणं वाचा

मंडळी, बाजारातून घरी आल्यावर खिसा रिकामा करता ना? सुटे पैसे डब्यात खळकन पडतात आणि आपण पुढच्या कामाला लागतो. आज तसं करू नका. ते पैसे सतरंजीवर पसरा. दिवा जवळ घ्या. एकेक नाणं उचला आणि वाचा.

हो, वाचा असंच आम्ही म्हणतो. नाण्यावर मजकूर असतो. पुस्तकाच्या पानावर असतो तसाच, फक्त थोडका. आजवर आपण नाणं ओळखत होतो ते आकारावरून. हे जाड, ते पातळ, हे दोन रंगांचं. आता तुम्हाला अक्षरं येतात, आकडे येतात. मग नुसत्या आकारावर का भागवायचं?

हे सांगायचं कारण आहे. गावोगाव दोन गोष्टी चाललेल्या दिसतात. घरात आजी-पणजीनं जपलेला चांदीचा रुपया असतो. तो दारावर आलेल्या फेरीवाल्याला एका पातेल्याच्या बदली दिला जातो. ही एक गोष्ट. दुसरी अगदी उलटी. खिशातल्या साध्या पाच रुपयांच्या नाण्याला पाच लाख मिळतील, असं कोणी मोबाइलवर सांगतं. त्या आशेनं माणूस पदरचे हजारो रुपये घालवून बसतो. एकाजवळ किमतीचं नाणं होतं, दुसऱ्याजवळ नव्हतं. वाचलं मात्र दोघांनीही नाही.

तर आधी आजचा रुपया घ्या. एका बाजूला सिंह आहेत. सारनाथच्या अशोकस्तंभावरचे हे सिंह. शेजारी 'भारत' असं आपल्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि तेच इंग्रजीत 'इंडिया' असं. दुसऱ्या बाजूला किंमत आणि साल. सालाचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. त्याला भिऊ नका. एसटीच्या पाटीवर आणि मोबाइलच्या बटणांवर तेच आकडे असतात. दहा आकडे, एका संध्याकाळचं काम.

आता सालाच्या जवळ बारीक नजर लावा. एखादी बारकी खूण दिसेल. ती घाण नव्हे, टाकसाळीची सही आहे. आपल्या देशात नाणी पाडणाऱ्या सरकारी टाकसाळी चार. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टाकसाळ फोर्ट भागात, रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. तिची खूण चौकटचा शंकरपाळा. हैदराबादची बहुधा चांदणी. नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर सालाखाली काहीच नसतं. म्हणजे कोरी जागा हीच तिची खूण. पोरांना बसवा आणि सांगा, हा रुपया कुठं जन्मला ते ओळखा. तासभर गप्प बसतील.

कधी कधी वेगळीच खूण निघते. १९८५ साली देशात मोडीची टंचाई होती, म्हणून काही नाणी परदेशात पाडून आणली. त्या सालच्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर आहे. तो रुपया इंग्लंडात बर्मिंगहॅमला पडला. पुढंही काही वर्षं परदेशी टाकसाळींतून नाणी आली आणि त्यांवर त्या त्या टाकसाळीची खूण राहिली. नाणी जमवणारे लोक अशा खुणा शोधत असतात. असं नाणं चांगल्या स्थितीत असलं तर ते रुपयाला थोडे जास्त पैसे देतात. थोडे, हा शब्द विसरू नका. एका रुपयात घर बांधून होत नाही.

आणखी एक गंमत. सिंहाची बाजू सरळ धरा. मग पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं डावीकडून उजवीकडं उलटा. मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. आपली नाणी तशी पाडतात. एखाद्याची मागची बाजू आडवी किंवा डोक्यावर उभी दिसली, तर टाकसाळीत ठसा फिरला होता असं समजा. कधी छाप निम्मा सरकलेला असतो. कधी एकाच बाजूचा छाप दोन्हीकडं उमटतो, एकीकडं सुलटा, दुसरीकडं उलटा आणि खोलगट. टाकसाळीतून असा माल सहसा बाहेर सुटत नाही. म्हणून सुटलेल्याला गिऱ्हाईक असतं. पण रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं, कानशीनं घासलेलं, दोन अर्धी जोडून डाग दिलेलं नाणं हे काही टाकसाळीची चूक नव्हे. जाणता माणूस ते लगेच ओळखतो.

आता मुख्य गोष्ट. नाणं महाग कशानं होतं? बहुतेकांना वाटतं, जुनं म्हणजे महाग. तसं नाही. बाजारात बैलजोडी एकच असली आणि गिऱ्हाइकं दहा असली, तर भाव चढतो. बैलजोड्या शंभर आणि गिऱ्हाइकं दहा, तर भाव पडतो. बैल म्हातारा आहे म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही. नाण्याचंही तेच आहे. ते किती पाडलं, त्यातलं किती उरलं, उरलेलं किती स्वच्छ आहे, आणि ते हवं असणारे लोक किती, यावर सगळं ठरतं.

राणीछाप रुपयाचंच बघा. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया घरोघर निघतो. लोक म्हणतात, दीडशे वर्षांहून जुना, म्हणजे केवढा मोलाचा! पण त्या वेळी सरकारनं ठशावरचं साल बरीच वर्षं बदललंच नाही. १८७४ पर्यंत रुपये पडत राहिले आणि त्यांवर १८६२ हेच साल येत राहिलं. म्हणून तो रुपया अमाप आहे. आता १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या. हा राणीछापापेक्षा पुष्कळ अलीकडचा. पण चलनात फारच थोडा आला, म्हणून दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणूनच त्याच्या नकला फार. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून त्याचा ९ करणारे कारागीरही आहेत. कोणी तुम्हाला १९३९ चा रुपया विकायला आला, तर आमचं ऐका, घेऊ नका.

१९११ च्या रुपयाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. पंचम जॉर्ज नुकताच गादीवर आला होता. नव्या रुपयावर राजाच्या अंगात झगा दाखवला. झग्यावर मानाची साखळी, आणि त्या साखळीत एक बारका हत्ती. कारागिरानं हत्ती कोरला खरा, पण सोंड आणि पाय असे आखूड पडले की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या अंगावर डुक्कर! मुसलमान समाजाला तर डुक्कर निषिद्ध. गवगवा झाला. सरकारला तो रुपया मागं घ्यावा लागला. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेसकट कोरला. त्यामुळं १९११ साल असलेला रुपया इतर पंचम जॉर्जछाप रुपयांहून कमी सापडतो आणि त्याला जास्त पैसे येतात. हातभर लांबूनही दिसणार नाही एवढं चित्र, पण रुपया माघारी गेला.

चांदीच्या रुपयाकडं आता जरा सावकाश पाहू, कारण खरं नुकसान इथंच होतं. इंग्रजी अमदानीतला रुपया वजनाला बरोबर एक तोळा होता. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. सोनार त्यावर सोनं जोखत असत. या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० साली, महायुद्धाच्या दिवसांत, सरकारनं चांदी कमी करून निम्म्यावर आणली. वजन तेवढंच ठेवलं, पण चांदी सुमारे ५.८ ग्रॅम. आणि १९४७ चा रुपया, ज्याच्यावर वाघ आहे, त्यात चांदी मुळीच नाही. तो निकेलचा. डोळ्यांना हे तिन्ही रुपये पांढरेच दिसतात. फरक कळतो तो सालावरून.

एका रात्रीच्या वर्गात एक मावशी पदराच्या गाठीत चार रुपये बांधून आल्या.

"गुरुजी, हे बघा बरं. सासूबाईंनी ठेवलेले. भांडीवाला म्हणतो, चारांचं मिळून एक पातेलं देतो."

"मावशी, पातेलं राहू द्या. आधी साल वाचा."

मावशींनी बोट ठेवून वाचलं. "एक, आठ, सहा, दोन."

"हा राणीछाप. पुढचा?"

"एक, नऊ, एक, आठ."

"पंचम जॉर्ज. तोही पुऱ्या चांदीचा. पुढं?"

"एक, नऊ, चार, चार. आणि ह्यो वाघाचा. एक, नऊ, चार, सात."

"मग आता फळ्यावर हिशेब मांडा."

हिशेब असा झाला. पहिले दोन रुपये, प्रत्येकी १०.७ ग्रॅम. तिसरा ५.८ ग्रॅम. चौथ्यात चांदी शून्य. एकूण २७.२ ग्रॅम. चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, नुसता हिशेबापुरता, तरी २,७२० रुपये होतात. मावशी फळ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेल्यानं पातेलं बी पातळंच आणलं होतं."

भाव रोज बदलतो. वर्तमानपत्रात चांदीचा भाव बहुधा किलोचा असतो. त्याला हजारानं भागलं की ग्रॅमचा भाव निघतो. रुपया झिजलेला असला तर वजन थोडं कमी भरेल. सराफ घटही धरतो. त्याला तेवढा हक्क आहे. पण निम्म्याहून खाली उतरला तर नाणी परत गाठीला बांधा.

घरी परीक्षा करायची असेल तर लोहचुंबक आणा. जुन्या रेडिओच्या कर्ण्यात निघतं. चांदी चुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो. आजचे पोलादी रुपयेही चिकटतात. मात्र चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं उलट समजू नका. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चिकटत नाही. म्हणून वजनही बघायला हवं. धनत्रयोदशीला पूजेसाठी राणीच्या आणि राजाच्या चेहऱ्याचे नवे शिक्के विकतात. काही चांदीचे असतात, काही नुसते मुलामा दिलेले. ते रुपये नव्हेत. ओतीव नकलेच्या अंगावर बारीक खड्डे असतात आणि कडेला जोडाची रेघ दिसते. ठशानं पाडलेल्या अस्सल नाण्याची अक्षरं टोकदार असतात. अधेली, पावली आणि चवली ही जुनी नाणीही पुष्कळदा चांदीची निघतात. पण त्यांच्यात साला-सालात धातू बदललेला आहे, तेव्हा ती दाखवूनच घ्यावी.

तांब्याच्या नाण्यांत आपल्याकडं मान शिवराईचा. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडं 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. पुढं पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी आल्यावरही गावच्या बाजारात चालत राहिल्या. म्हणून त्या पुष्कळ आहेत. कोणाच्या देवघरात दोन-चार निघतातच. अक्षरं पुरती उमटलेली शिवराई असली तर तिची किंमत झिजलेलीपेक्षा कितीतरी जास्त. पण प्रत्येक शिवराई लाखाची, हे खोटं. होन मात्र खरोखर दुर्मिळ. इतका दुर्मिळ की बाजारात 'होन' म्हणून जे दाखवतात ते बहुधा नक्कलच असते. देव्हाऱ्यातली शिवराई विकावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही विकली नसती.

भोकाचा पैसा आठवतो का? १९४३ ते १९४७ सालांत पडलेला. युद्धात धातू वाचवायचा म्हणून मधे भोक. लोकांनी तो पोरांच्या करगोट्यात ओवला. काहींनी यंत्राच्या बोल्टाखाली चकती म्हणूनही वापरला. तो अमाप आहे, त्यामुळं स्वस्त आहे. प्रजासत्ताकाचा १९५० सालापासूनचा घोडाछाप पैसा आणि बैलाचा आणा यांचंही तेच. पुढं १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आणे गेले, पण तोंडातून गेले नाहीत. पंचवीस पैशांना आपण अजून चाराणेच म्हणतो. मग ॲल्युमिनियमचे हलके एक, दोन, तीन, पाच पैसे आले. १९६८ पासून काही वर्षं वीस पैशांचं पितळी, कमळाचं नाणं निघालं. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ ला व्यवहारातून कायद्यानं बंद झाली. ती आता दुकानात चालत नाहीत, बँकही घेत नाही. जमवणारा घेईल, तोही मूठभर नाण्यांचे थोडेसे पैसे देईल. पोरांना इतिहास शिकवायला ठेवा. पन्नास पैसे मात्र कायद्यानं बंद झालेले नाहीत. दुकानदार तोंड वाकडं करतो, हे खरं. दहा रुपयांच्या नाण्यावरूनही अशीच कटकट होते. काहींवर रुपयाची नवी खूण आहे, काहींवर नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की दहाची नाणी तोपर्यंत १४ नमुन्यांत निघाली आणि सगळी खरी आहेत. तेव्हा कंडक्टरशी भांडण न करता एवढं सांगा.

आता बायकांसाठी एक कळकळीची सूचना, आणि पुरुषांसाठीही. जुनं नाणं घासू नका. लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख लावून रुपये लख्ख करायची आपली रीत आहे. भांड्याला ती ठीक. नाण्याला ती मारक. वर्षानुवर्षं हवा लागून नाण्यावर जो काळपट-तपकिरी पापुद्रा चढतो, तो जमवणाऱ्याला हवा असतो. तो अस्सलपणाची साक्ष देतो. घासलं की पापुद्रा जातो, अक्षरांची धार जाते, अंगावर बारीक ओरखडे पडतात. मग ते नाणं नुसत्या चांदीच्या भावानं जातं. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवा, मऊ फडक्यानं टिपा. झालं. माळेत ओवायला कडी लावलेला किंवा भोक पाडलेला रुपयाही असाच. त्याची चांदी राहते, नाणेपण जातं. डाग दिलेल्या जागी तर चांदीतही भेसळ आलेली असते.

नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं, तर ती गोष्ट निराळी. ती आपली चिल्लर नव्हे. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लोक घाबरतात की सरकार सगळं नेईल. पण त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा वाटा सांगितला आहे. दुसरा कोणी खरा मालक निघाला नाही आणि जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला एक, अशी वाटणी होते. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर मात्र हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. तलाठ्याकडं जाऊन अर्ज द्या, पोच घ्या. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी नाणी पुराण वस्तूंत मोडतात. ती परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 'परदेशात पाठवतो, दुप्पट देतो' म्हणणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा.

राहिली ती लाखांची गोष्ट. मोबाइलवर चित्र येतं. वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट असेल तर पाच लाख. नोटेच्या नंबरात ७८६ असेल तर विचारूच नका. आता आपणच विचार करू. वैष्णोदेवीच्या श्राइन बोर्डाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. त्यांवर २०१२ हे साल आहे. ती बाजारात खेळण्यासाठीच पाडली होती. आजही किराणा दुकानात मोड म्हणून हातात येतात. ते नाणं दहा लाखांचं असतं तर बँकेतला कॅशियर खिडकीत बसला असता का? गल्ल्यावर बसलेला वाणी तुम्हाला ते मोड म्हणून देता ना!

फसवणूक अशी चालते. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. लगेच फोन येतो. बोलणारा गोड असतो. म्हणतो, तुमचं नाणं पास झालं, रक्कम मंजूर झाली, फक्त नोंदणीचे पाचशे रुपये भरा. ते भरले की म्हणतो, आता जीएसटी. मग आयकर. मग पैसे घेऊन येणाऱ्या माणसाच्या गाडीचं भाडं. रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेला कागदही पाठवतो. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. लाख तर दूरच, भरलेला पैसाही परत येत नाही. लाजेनं घरी सांगत नाही, ते वेगळंच.

रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांची असली खरेदी-विक्री आपण करत नाही. त्यासाठी कसली फी, कमिशन मागत नाही. आणि दुसऱ्या कोणालाही आपल्या नावानं ते मागण्याचा अधिकार दिलेला नाही. तेव्हा शिक्क्याला भुलू नका. बैल विकताना गिऱ्हाईक आधी तुमच्याकडून पैसे मागतं का? मग नाणं विकताना का मागावं? आणखी एक. मोबाइलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो. 'पैसे जमा करतो, पिन टाका' म्हणणारा तुमचे पैसे काढतो आहे. कोणी फसलंच असेल तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा. तो सरकारी तक्रारीचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधेच अडवण्याची आशा जास्त.

मग खरोखरच चांगलं नाणं निघालं, आणि विकायचंही ठरलं, तर काय करावं? घाई करू नये. एका वहीत नाण्याचं साल, चेहरा, खूण आणि वजन लिहून काढा. तुम्हाला लिहायचा सरावही होईल. मोठ्या शहरांत नाणी जमवणाऱ्यांची मंडळं आहेत, प्रदर्शनं भरतात. तिथं नुसतं दाखवायला जा. पाहायचीच हौस असेल तर मुंबईत रिझर्व्ह बँकेनं २००४ साली नाण्यांचं संग्रहालय उघडलं आहे. मुंबईला लग्नाकार्याला गेलात तर पोरांना तिथं न्यावं. नाशिकजवळ अंजनेरीलाही नाण्यांच्या अभ्यासासाठी १९८० साली एक संस्था निघाली.

भाव निदान तिघांकडं विचारा. एकाच सराफाच्या पेढीवर सगळं गाठोडं सोडू नका. एक नाणं काढा, भाव ऐका, परत गाठीला बांधा, पुढच्या पेढीवर जा. वजन तुमच्या समोर झालं पाहिजे. काट्यावरचा आकडा तुम्ही स्वतः वाचा. नाणं आतल्या खोलीत नेऊ देऊ नका. तपासायचं तर समोर तपासावं, म्हणावं. सौदा ठरला की पावती मागा. पावतीवर नाण्याचं साल, वजन, मिळालेली रक्कम आणि तारीख आहे का बघा. नसेल तर लिहायला लावा. मग सही करा, अंगठा नको.